खरातांचा ‘त’

बंबाचे फुटलेले बूड. कानशीचा आवाज. जर्मनीत न मिळालेली रजा. एका अक्षराला नसलेली उभी रेघ.

मित्रांनो, या सगळ्यातून मी झाले. मी एक जुने पदक आहे; जुने म्हणायला तीनच वर्षांचे. परदेशात काम करणाऱ्या भारतीय रसायनशास्त्रज्ञांना एक राष्ट्रीय पुरस्कार देतात, त्याचे. त्याआधी माझे तांबे एका बंबात होते. बंब वितळला तेव्हाचे मला सगळे आठवते. म्हणून मी भित्रे आहे.

कसबा पेठेत हिंमतराव तांबटांनी मला ठोकून गोल केले, चमकवले. पुरस्कार समितीने पाठवलेल्या इंग्रजी कागदावरून विजेतीचे नाव कोरले : दीक्षा बाबुराव खराट.

दीक्षाला जर्मनीतल्या नोकरीतून रजा मिळाली नव्हती. समारंभात मला घ्यायला तिचे वडील जाणार होते, निवृत्त फिटर बाबुराव. आदल्या दिवशी दुपारी ते खडकीहून मुद्दाम दुकानात आले.

“नाव बघायला आलोय. आमच्या नावाचं नेहमी काहीतरी होतं.”

त्यांचे बोट माझ्या शेवटच्या अक्षरावर थांबले.

“खराट नाही हो. खरात.”

“इंग्रजीत त काय नि ट काय,” हिंमतराव म्हणाले. “एका अक्षरानं काय बिघडतंय?”

“शाळेत पोरं तिला खराटा म्हणायची. वर्ग झाडून घे म्हणायची.” बाबुराव माझ्याकडेच बघत होते. “उद्या व्यासपीठावरून तेच वाचतील.”

हिंमतरावांनी चिमटा उचलला.

“वितळवतो. पण नवं उद्यापर्यंत होणार नाही.”

चिमट्याने मला काठाला धरले. खाली भट्टी. धग पाठीला लागली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही.

“थांबा. कानशीनं घासून जाईल का?” बाबुराव म्हणाले.

“जाईल. पण तिथं खळगा राहील. समितीवाले परत पाठवतील.”

“पदक आमचं आहे ना? आम्ही नाही परत पाठवणार.”

कानस फिरली. ‘ट’ भुकटी होऊन खाली पडला. त्या जागी मी पातळ झाले. छिन्नीने ‘त’ कोरला, उभ्या रेघेसकट.

दुसऱ्या दिवशी समितीच्या एका साहेबांचा अंगठा नेमका त्या खळग्यात गेला.

“हे काय झालंय?”

मला पुन्हा चिमटा दिसला.

“दुरुस्ती,” बाबुराव म्हणाले आणि त्यांनी मला साहेबांच्या हातातून काढून घेतले.

माझ्यावर बघून माइकवर नाव वाचले गेले. खरात.

आता मी खडकीला त्यांच्या कपाटात असते. पाहुणे आले की मला बाहेर काढतात. कुणी अक्षर अक्षर लावत नाव वाचू लागले, की शेवटच्या अक्षरापर्यंत माझा जीव मुठीत असतो.

मित्रांनो, कुणाचेही नाव लिहिण्याआधी त्याला विचारा. आमच्या अंगावर कानस एकदाच चालते. दुसऱ्यांदा भोक पडते.

दीक्षाने समितीला आपले नाव मराठीतही लिहून पाठवले होते; दुकानात आला तो फक्त इंग्रजी कागद.