कडबाकुट्टीवरची हट्टी कॉइल

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे. तांब्याच्या तारेचे वेटोळे, मधोमध लोखंडाचा गाभा. वीज आली की मी चुंबक होते. स्वभावाने हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. वीज एकदम वाढवलेली मला खपत नाही, एकदम कमी केलेलीही नाही.

जालन्यात बिभीषण मिस्त्रींनी मला गुंडाळले. एका लोखंडाच्या कारखान्यात मी क्रेनचा ब्रेक सोडवायचे, तेव्हा काय माझा रुबाब होता! नवी क्रेन आली आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथे धूळ खात पडले असताना मला सत्यशीलाने उचलले. ती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिची आई आशाबाई टेंभुर्णीला म्हशी पाळते.

मागच्या वर्षी कडब्यातला तारेचा तुकडा पोटात जाऊन आशाबाईंची दुभती म्हैस दगावली. आता एकच उरली होती, तीही गाभण. म्हणून कडबा बारीक कापणाऱ्या कडबाकुट्टीतून निघालेली वैरण त्या मूठमूठ चाचपून घालायच्या. बोटे रक्ताळायची. ती तार मी पकडावी म्हणून सत्यशीलाने मला कुट्टीच्या तोंडावर बसवले.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी तापले की माझ्यातून वीज कमी वाहते आणि पकड ढिली पडते. धरलेले खिळे टपाटप वैरणीत पडले. मग सत्यशीलाने ऑप-अँप नावाची चिमुकली चिप माझ्या राखणीला नेमली. मी कितीही तापले तरी माझ्यातली वीज सारखी मोजायची आणि एकसारखी ठेवायची, हे तिचे काम.

पण आमचे जुळेना. चिपने वीज वाढवायला ढकलले की मी जरा उशिराने हलायचे. तेवढा धीर तिला कुठला? ती आणखी ढकलायची, आणि मी निघाले की जास्त झाले म्हणून मागे ओढायची. या ओढाताणीत मी शिट्टीसारखी किंचाळू लागले.

“ही तर कोकलून राह्यली!” आशाबाई म्हणाल्या. “माझी म्हैस काय तुझं प्रॅक्टिकल न्हाई, सत्यशीला.”

“आई, जरा दम धर. कॉइल बराबर हाय. चिपलाच लई जल्दी झाली.”

तिने चिपला एक छोटासा कपॅसिटर जोडला, म्हणजे चिप सबुरीने घेईल. मी गप्प झाले. खरे सांगते, मला इतके समजून कुणीच घेतले नव्हते.

कुट्टी सुरू झाली. आशाबाईंनी परीक्षा घ्यायला वैरणीत स्वतः एक खिळा टाकला. मी तो झटकन धरला. त्याच्या शेजारी तारेचे दोन तुकडेही येऊन चिकटले.

“आन् हे कुणी टाकले?”

कुणीच टाकले नव्हते, ते कडब्यातूनच आले होते. आशाबाई त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वैरणीचे टोपले उचलले आणि न चाचपता म्हशीपुढे ठेवले.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. कडब्याची पेंढी तारेने बांधू नका, सुतळीने बांधा. मग मला पकडायला काहीच उरणार नाही. हट्टी असले तरी त्याचा मला बिलकुल राग येणार नाही.