ताईने घडवलेली चैन

"आज तू फक्त मजा करायची," असं धाकटीला अकरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे परगावाहून आलेल्या ताईने सकाळी तसं म्हटलं तेव्हा ती हरखली, पण मनात पालही चुकचुकली. अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाबांजवळ बसायला ताईने शेजारच्या काकूंना परस्पर सांगूनही ठेवलं होतं.

धाकटी घरातच शिवणकाम करायची. बाबांची हाक ऐकू यावी म्हणून तिचं मशीन त्यांच्या दाराशीच होतं. आठवड्यापूर्वी तिला लांबच्या शहरातल्या एका नाटक कंपनीचं बोलावणं आलं होतं. नटांचे पोशाख शिवायचे, राहायला खोली, येत्या सोमवारी हजर व्हायचं. धाकटी "येते" म्हणून बसली होती. घरात मात्र मूग गिळून होती.

दोघी आधी बेकरीत शिरल्या. केक खाल्ला, दोनदा कॉफी घेतली. मग दुकानामागून दुकान. घाई कसलीच नव्हती. ताईने तिला मऊ सपाता घेतल्या. "रात्री तुला तीनदा उठावं लागतं, फरशी गार असते." पुढच्या दुकानात पडदा घेतला. "बाबांच्या खिडकीला." मग उंच पाठीची खुर्ची पाहिली. "त्यांना भरवताना तुझी कंबर दुखणार नाही." धाकटीच्या हातातल्या पिशव्या वाढत चालल्या.

जेवताना ताईने मासळीचा मोठा तुकडा तिच्या ताटात वाढला. "दादाशी बोललेय मी. घर तुझ्या नावावर करायचं. बाबांच्या माघारीही तू तिथेच राहायचं, कायमची. तुझ्यासारखं बाबांचं आम्हाला कुठे जमतंय?"

धाकटी घास चावत राहिली. चावायला काही उरलं नाही, तरी चावत राहिली.

त्यानंतर कपड्यांचं दुकान. ताईच्या हट्टापायी तिने एक निळा ड्रेस घातला आणि पाठीची चेन मध्येच अडकली. ना वर, ना खाली. ट्रायल रूम एवढीशी की कोपर वळवायला जागा नाही. शिवणाऱ्या बाईला स्वतःची चेन उघडता येईना!

"झालं का?" बाहेरून ताई. "घरात घालायला छान आहे. तसंही तू कुठे बाहेर जातेस?"

"सोमवारी जातेय," दाराआडून धाकटी म्हणाली. समोर ताईचा चेहरा नव्हता म्हणूनच शब्द फुटले असावेत. नोकरी, खोली, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

बाहेर स्टूल ओढल्याची खरखर झाली. मग ताईचा आवाज आला, अगदी बारीक. "आणि बाबांना अंघोळ कोण घालणार?"

"उद्या शिकवते तुला."

"माझी नोकरी आहे गं."

"माझीही आहे."

पर्समधली बारीक कात्री काढून तिने काखेखालची शिवण टाका-टाका उसवली आणि अंग चोरत ड्रेसमधून बाहेर आली. दुकानातल्या मुलीकडून सुईदोरा मागून तिथेच उभ्याउभ्या शिवण पूर्ववत केली. टाका ओळखू येत नव्हता. ताई स्टुलावर बसून डोळे पुसत होती. "आम्ही एवढं तुझ्यासाठी ठरवलं," ती म्हणाली, "आणि तू आम्हाला परकं केलंस." हे लबाडीचं रडणं नव्हतं, म्हणूनच ते धाकटीला जास्त टोचलं.

ताईने दादाला फोन लावला. आवाज चढले, उतरले. शेवटी दादाने तूर्त रजा काढून बाबांजवळ राहायचं, पुढे कुणी बाई ठेवायची असं ठरलं. "पण शनिवार-रविवार तू यायचंस. दर आठवड्याला," ताईने बजावलं.

"बरं," धाकटी म्हणाली. सहा तासांचा प्रवास तिला नंतर आठवला. तोवर शब्द देऊन झाला होता.

सोमवारी ती खरोखर गेली. पाच दिवस राजेराण्यांची मापं घेतली, खोलीत एकटीने दार लावून गाढ झोपली. शनिवारी घरी आली तेव्हा दादाने दार उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्यावर पेजेचे डाग.

"कालपासून घास घेत नाहीयेत," तो म्हणाला. "तुझ्याच हातचं हवंय म्हणतात."

आतून बाबांनी तिला हाक मारली. धाकटीने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि हात धुवायला गेली.