बिनबैलांचा गाडा

मी एक जुनी घसरगाडी आहे. मित्रांनो, तुम्हाला लगेच बागेतली घसरगुंडी आठवली असेल, पण ती मी नव्हे. मी बर्फावरून धावणारी गाडी. माझ्या खेळाला ल्यूज म्हणतात. खेळाडू माझ्यावर उताणा झोपतो, पाय पुढे आणि डोकं मागे, आणि बर्फाच्या वळणदार पन्हाळीतून सुसाट खाली सुटतो. मला इंजिन नाही, ब्रेक नाही, स्टिअरिंगही नाही. पोटऱ्यांनी आणि खांद्यांनी दाबून मला वळवावं लागतं.

सध्या माझा मुक्काम आंबेगाव तालुक्यातल्या शिनोली गावी, भगवंत आबांच्या गोठ्यात आहे. माझ्या शेजारी आबांचा शर्यतीचा गाडा असतो. बर्फावरची गाडी शिनोलीत काय करते, असं गोठ्यात डोकावणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. आबा मग त्याला चहा पाजतात आणि सगळं सांगत बसतात. पण आबा थोडं मीठमसाला लावून सांगतात, म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म जर्मनीतला, बर्फाच्या डोंगराखालच्या एका गावातला. एका म्हाताऱ्या कारागिराने वाफेवर लाकूड वाकवून माझ्या दोन्ही बाजू घडवल्या आणि त्यांच्या खाली पोलादाची दोन पाती बसवली. पाती इतकी गुळगुळीत होती की तो त्यांत बघून मिशी विंचरायचा. माझं काम पूर्ण झालं त्या दिवशी दुकानात एक मुलगी आली. तिच्या बाहीला पीठ लागलेलं होतं, कारण तिच्या वडिलांची बेकरी होती. तिचं नाव गेर्डा.

पहिल्या हिवाळ्यात गेर्डा माझ्यावरून इतक्यांदा पडली, की मला वाटलं, ही पुन्हा पीठच मळायला जाणार. पण ती हट्टी होती. पडली की उठायची, आधी मला उलटं करून पाती तपासायची आणि मग स्वतःचा गुडघा बघायची. माझी पाती ती दुसऱ्या कुणाला पुसूही देत नसे. हळूहळू आमचं जमलं. तिच्या मनात वळायचं आलं की तिची पोटरी मला कळायची आणि मी वळायचे. गावची स्पर्धा जिंकली, मग देशाची जिंकली, आणि एक दिवस जगभरच्या खेळाडूंची मोठी स्पर्धा आली.

ती स्पर्धा आठवली की आजही माझ्या लाकडात कळ येते. शेवटच्या वळणापर्यंत वेळेच्या हिशेबात आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. आणि तिथे गेर्डाने डोकं उचललं. खाली लावलेलं मोठं घड्याळ तिला बघायचं होतं. डोकं उचललं की खांदे हलतात, खांदे हलले की मी हलते, आणि समोरचा वारा छातीत भरतो. जिंकलेली शर्यत आम्ही निमिषभराने हरलो. खाली पत्रकारांनी तिला घेरलं आणि विचारलं, काय झालं? गेर्डा म्हणाली, "गाडी डावीकडे ओढत होती."

मित्रांनो, मी तिथेच होते. तिच्या काखेत. मला तोंड असतं तर मी काही बोलले असते की नाही, कुणास ठाऊक, कारण ती अवघी विशीची होती. पण दुसऱ्या दिवशी ते वाक्य पेपरात छापून आलं. मग मला खोलून पुन्हा जोडलं, पाती मोजली, डाव्या बाजूला कानस मारली. दोष काही सापडला नाही. तरीही पुढे कितीतरी दिवस लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, हीच ती डावीकडे ओढणारी.

गेर्डाने त्यानंतर डोकं कधी उचललं नाही. ती जगज्जेती झाली, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा झाली. गावात बँड वाजला, मला देवदाराच्या फांद्यांनी सजवलं, लहान मुलांनी माझ्यावर बसून फोटो काढले. ते दिवस फार सुखाचे होते. पण डावीकडे ओढण्याची गोष्ट तिने कधी काढली नाही. पुसता पुसता तिचा हात माझ्या डाव्या बाजूवर जरा जास्त वेळ रेंगाळायचा, एवढंच.

मग नव्या गाड्या आल्या, माझ्यापेक्षा सडपातळ. नव्या मुलीही आल्या. गेर्डाची पाठ दुखू लागली. एका संध्याकाळी ती शेवटची घसरली, खाली येऊन थांबली आणि बराच वेळ माझ्यावर तशीच पडून राहिली. त्यानंतर माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. रंगाचे डबे, फुटकी शिडी आणि मी. पात्यांना गंज चढू लागला. माझ्या अंगावर कुणीतरी ओल्या छत्र्या वाळत टाकायचं. जगज्जेतीची गाडी, आणि अंगावर छत्र्या!

पण गेर्डा मला विसरली नव्हती. ज्या देशांत बर्फाचा खेळ फारसा कुणी खेळत नाही, तिथल्या मुलींना ती शिकवू लागली, तेव्हा तिने मला बाहेर काढलं. मनालीच्या शिबिरात एक सडसडीत, काळीसावळी मुलगी पुढे आली. ती पोलीस भरतीची तयारी सोडून आली होती. बाकीच्या मुली मला बघत होत्या, हिने सरळ माझ्यावर पाठ टेकली आणि विचारलं, "सोडू का?" तीच आबांची नात, अक्षदा. शिबिर संपताना गेर्डाने मला तिच्या हाती दिलं. अशी मी शिनोलीला आले.

शिनोलीत बर्फ कुठला? फ्रिजमध्ये असेल तेवढाच. म्हणून अक्षदाने मला घोडेगावला नवनाथ भाऊंच्या वर्कशॉपमध्ये नेलं. माझी पाती काढून त्यांनी तिथे स्केटिंगची चाकं बसवली. काम झाल्यावर ते माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ब्रेक कुठंय हिला?"

"पायात," अक्षदा म्हणाली. "बुटाला टायरचा सोल लावायचा आन् रस्त्यावर घासायचा."

"मंग आधी आयला इचारून ये," नवनाथ भाऊ म्हणाले. पण चाकाचे नट त्यांनी तिथल्या तिथे पुन्हा एकदा आवळून दिले.

घरी आबांनी मला उचलून पाहिलं. आबा म्हणजे अख्ख्या तालुक्याला ठाऊक असलेले बैलगाडा शर्यतवाले. शर्यती बंद होत्या त्या वर्षांत त्यांनी बैल विकले आणि रिकामा गाडा टांगून ठेवला. शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण आबांचा गाडा काही खाली उतरला नाही.

"बैल कुठंयत हिचं?"

"बैल नसत्यात, आबा."

"मंग घाट चढती कशी?"

"चढत न्हाई. उतरती."

आबा खो खो हसले. "उतराय काय लागतंय? दगुड बी उतरतो की!"

पण एकेक गाडी एकटीच सुटते आणि घड्याळावर वेळ मोजतात, हे कळल्यावर ते हसायचे थांबले. कारण इकडचे बैलगाडेही तसेच पळतात. एका वेळी एकच गाडा, घाटाच्या चढावर, घड्याळ लावून. त्या एका धावेला इथे बारी म्हणतात. "म्हंजी ही आपलीच शर्यत हाये," आबा म्हणाले. "निस्ती उलटी." त्या दिवसापासून गावात माझं नाव पडलं, बिनबैलांचा गाडा. मला ते आवडलं.

भीमाशंकरकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर अक्षदा रोज पहाटे सराव करायची. तिचे व्हिडिओ पाहून ल्यूजच्या संघटनेने निवडीची चाचणी याच घाटात घ्यायचं ठरवलं. या बाजूच्या राज्यांतून एकच मुलगी निवडायची होती, आणि तिला जर्मनीत खऱ्या बर्फावर शिकायला जायला मिळणार होतं. परीक्षक म्हणून खुद्द गेर्डा आली. तिचे केस पांढरे झाले होते. तिने मला उलटं करून चाकं तपासली, पूर्वी पाती तपासायची तशीच.

चाचणीच्या सकाळी पोलिसांनी रस्ता अडवला होता. अडकलेल्या एसटीतले प्रवासी कठड्यावर बसून शेंगा खात होते. प्रत्येकीला दोन बाऱ्या, त्यातली चांगली वेळ धरायची. अक्षदाची पहिली बारी छान सुटली. पण शेवटच्या वळणावर गावातल्या लोकांचा गलका ऐकू आला आणि तिने डोकं उचललं. मला लगेच कळलं. खांदे हलले, मी हलले, वारा भरला.

वेळ वाईट आली. खाली सगळे जमले. अक्षदाने हेल्मेट काढलं आणि ती म्हणाली, "गाडी डावीकडं वढत व्हती."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, तेच वाक्य!

आबा पुढे आले. ते कधी मोठ्याने बोलत नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. "पोरी, आपल्यात बारी हुकली तर बैलाला आन् गाड्याला बोल लावत न्हाईत. त्यांना बोलता येत न्हाई. जो बोलतो त्यानं सोताचं सांगावं."

अक्षदाची मान खाली गेली. म्हातारे काय म्हणाले, हे गेर्डाने विचारलं. अक्षदाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ऐकून गेर्डा माझ्याजवळ रस्त्यावरच बसली. तिचा हात माझ्या डाव्या बाजूवर आला.

"मी पण हेच म्हटलं होतं," ती अक्षदाला म्हणाली. "याच गाडीबद्दल. सगळ्या जगासमोर. ती ओढत नव्हती. मी डोकं उचललं होतं."

माझ्यावरचा डाग असा धुतला गेला, त्या घाटरस्त्यावर, शेंगांच्या टरफलांत. मला रडता येत नाही हे बरंच आहे. लाकूड फुगलं असतं.

दुसरी बारी आली. तिकडे खाली आबांना आठवलं की मघाशी भंडारा उधळायचा राहिला होता. शर्यतीत गाडा पळतो तेव्हा त्याच्यावर हळदीचा भंडारा उधळतात, त्याशिवाय बारीला शोभा नाही. आबा धावत शेवटच्या वळणावर गेले. आम्ही तिथे पोचलो आणि आबांनी दोन्ही मुठी मोकळ्या केल्या. बैल भंडाऱ्यातून पळतो तेव्हा त्याचं डोकं उंच असतं. अक्षदा उताणी होती. सगळी हळद तिच्या डोळ्यांत गेली.

तिला काहीच दिसेना. डोकं उचलावं, हात रस्त्याला टेकवावा, थांबावं, असं कुणालाही वाटलं असतं. तिने डोकं उचललं नाही. तिची पोटरी मला कळली आणि मी वळले. माझी उजवी बाजू कठड्याच्या दगडाला घासली, माझ्या आत काहीतरी कडकन मोडलं, पण आम्ही रेषा ओलांडली.

मोठा गोंधळ झाला. एक अधिकारी तावातावाने आला. "तुझ्या वाटेत अडथळा आलाय. तक्रार केलीस तर ही बारी रद्द होईल आणि दुसऱ्या गाडीवर पुन्हा संधी मिळेल. पण वेळ जाहीर व्हायच्या आधी सांग. नंतर चालणार नाही."

अक्षदाने डोळे पुसले. समोर आबा उभे होते, हात पिवळेधमक आणि चेहरा पांढराफटक. आपण काय करून बसलो हे त्यांना तेव्हा कळलं होतं. एक शब्द पुरे होता. तो शब्द खराही होता.

"तक्रार न्हाई," अक्षदा म्हणाली. "डोकं खालीच व्हतं माझं. जी वेळ आली आसंल ती माझी."

वेळ जाहीर झाली. सगळ्या मुलींत ती सर्वांत कमी होती, पापणी लवावी एवढ्याच फरकाने. गेर्डाने आबांचा पिवळा हात हातात घेतला आणि त्यातला चिमूटभर भंडारा स्वतःच्या कपाळाला लावला.

अक्षदा जर्मनीला गेली. मी गेले नाही. नवनाथ भाऊंनी मला जोडून दिलं, पण माझ्यावरून आता कुणी सुटणार नाही. आबांनी मला त्यांच्या गाड्याशेजारी टांगलं. माझ्या फटींत अजून भंडारा आहे, आणि आबा तो पुसू देत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात अक्षदाची बर्फावरची पहिली स्पर्धा झाली. तिचा फोन आला तेव्हा आबा गोठ्यातच होते.

"कितवा नंबर आला गं?"

"शेवटून दुसरा, आबा."

"आन् गाडी कशी व्हती?"

"गाडी लई भारी व्हती. मीच डोकं उचललं."

आबांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी माझ्या डाव्या बाजूवर हात फिरवला, आणि इतक्या वर्षांनी स्वतःचा गाडा खाली उतरवून त्याच्या आसाला तेल घातलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी सायकल असेल, बॅट असेल, पेन असेल. त्यांना पुसा, तेल घाला, पावसात टाकू नका. आणि एखाद्या दिवशी हरलात तर त्यांच्यावर ढकलू नका. आम्ही तुमचा राग झेलतो, आमचं काही जात नाही. पण आम्हाला सगळं कळलेलं असतं.