पुरेसा राग

"तिला विचारा," जज्जसाहेब इंग्रजीत म्हणाला, "फावडं उचललं तेव्हा तिला राग आला होता का?"

ठाण्याच्या त्या कोर्टातले दुभाषी परशुराम टिपणीस यांनी पिंजऱ्यातल्या बाईला तेच मराठीत विचारलं. बाईचं नाव ठमाबाई. डोंबिवलीकडच्या खाडीवरच्या मिठागरात ती मीठ ओढायची. मिठाच्या चौकीवरच्या शिपायाचा हात तिने फावड्याने मोडला होता, आणि तसं ती सरळ कबूलही करत होती.

"राग?" ठमाबाई म्हणाली. "माज्या डोल्यांम्होरं कायच दिसंना झालं. मीठ पांढरं हाय का कालं, त्ये बी कलंना. कवा मारलं, मना ठावं नाय. तो वरडला तवा कललं."

टिपणीस साहेबाकडे वळले. "शी वॉज व्हेक्स्ड, युवर ऑनर."

म्हणजे बाई वैतागली होती. साहेबाने मान हलवली आणि तेवढंच लिहून घेतलं. साहेबाला मराठी येत होती ती घोडा आणि चहा मागण्यापुरती. शिवाय रयतेची लांबण त्याला खपत नसे, त्यामुळे बोलण्याचं सार एका वाक्यात देणं हीच टिपणिसांची नोकरी होती.

शब्द त्यांना ठाऊक नव्हते असं कुणी समजू नये. कल्याणच्या शाळेत मास्तरांनी इंग्रजी रागाची अख्खी शिडी छडीच्या जोरावर पाठ करून घेतली होती. तळाला डिस्प्लीज्ड, म्हणजे भाजी अळणी निघाल्यावर यजमान होतो तसा नाखूश. त्याच्या वर व्हेक्स्ड. मग साधा अँग्री. त्याच्या वरचा इंडिग्नंट टिपणिसांच्या फार आवडीचा, कारण अन्याय दिसला म्हणून जो राग येतो तेवढ्यालाच तो लागू पडतो. आणि अगदी वर फ्युरियस, जिथे माणसाचं भानच सुटतं. ठमाबाई कुठल्या पायरीवर उभी होती हे कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

पण टिपणीस नेहमी दोन-तीन पायऱ्या उतरूनच बोलत. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका शेतकऱ्याचा संताप जसाच्या तसा इंग्रजीत मांडला होता. त्या वेळच्या साहेबाने तो उद्धटपणा समजून शेतकऱ्याला वर आणखी दंड ठोठावला. तेव्हापासून टिपणिसांनी कानाला खडा लावला. रयतेचा राग साहेबापुढे ठेवायचा तो वरचा फेस काढून, निववून ठेवायचा. याला ते दया म्हणत. घरी बायकोला सांगतही असत की माझ्या जिभेने कितीतरी गरीब वाचले. खरोखर किती वाचले ते देव जाणे.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात सरकारी वकिलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "टिपणीस, आज तुम्ही आमचं ओझं हलकं केलंत हो."

"ते कसं?"

"कुणी एकदम भडकवलं, भान सुटलं आणि हातून मार बसला, तर कायद्यात शिक्षा अगदी थोडकी आहे. मला वाटलं, बाई तेच म्हणणार. पण नुसती वैतागलेली बाई शुद्धीवर असते ना? शुद्धीवर असून फावडं मारलं, म्हणजे समजून उमजून मारलं. पान खाणार?"

टिपणिसांनी पान घेतलं आणि ते हातातच राहिलं. वाचवायला म्हणून शब्द खाली उतरवला आणि त्याच शब्दाने बाईला खड्ड्यात घातलं. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आवारातल्या चिंचेखाली ठमाबाईची सासू आवडाबाई बसली होती. दुभाष्याने आरोपीच्या माणसांशी बोलू नये असा नियम होता. तरी टिपणीस तिच्याकडे गेले.

"काय सांगितलास सायबाला?" म्हातारीने विचारलं.

"तिला त्रास झाला, असं सांगितलं."

"तरास?" आवडाबाईने त्यांच्याकडे वर पाहिलं. "वरसाचं पयलं मीठ आमी बांधावर देवाला ठेवतो. हलद-कुंकू लावतो, नारल फोरतो. त्यातलं चिमूटभर बी कुनी घरा नेत नाय. माजा पोर ठेवायचा. तो गेल्या साली तापानं गेला, म्हनून यंदा तिनं ठेवलं. आन् त्या शिपायानं चोरीचं मीठ म्हनून लात मारून खारीत लोटलं. नवऱ्याच्या जागी हुबी ऱ्हायलेली बाय ती. तरास ढेकनाचा व्हतो, रावसाब. तुला मराठी येतंय ना?"

म्हातारीने तोंड फिरवलं. व्हरांड्यातून पट्टेवाला हे सगळं पाहत होता.

कोर्ट पुन्हा बसलं तेव्हा टिपणीस न बोलावता उभे राहिले. "युवर ऑनर, सकाळी माझ्या भाषांतरात चूक झाली. आरोपी व्हेक्स्ड नव्हती. ती फ्युरियस होती. तिचे शब्द मी आता पूर्ण सांगतो."

साहेबाने चष्मा काढला. पट्टेवाल्याने मघाशी त्याच्या कानाला लागून काय सांगितलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"या दोन शब्दांमधलं अंतर तुम्हाला ठाऊक आहे, मिस्टर टिपणीस?"

"आहे."

"आणि ते तुम्हाला टिफिननंतर आठवलं. आरोपीच्या नातेवाइकांबरोबर झाडाखाली उभं राहिल्यावर. किती दिले त्यांनी?"

टिपणिसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर दुसऱ्यांचा राग निववता निववता त्यांचा स्वतःचा कुठे साठून राहिला होता कोण जाणे. तो आता सगळा गळ्याशी आला आणि आवाज चढला. "तिला पुन्हा विचारा. दुसरा दुभाषी बोलवा. मी खोटं बोललो ते सकाळी, आत्ता नाही. तुम्हाला एका वाक्यात माणूस हवा असतो, म्हणून आम्ही माणूस कापून देतो."

सरकारी वकील खाली बघत कागद चाळू लागला.

"तुम्ही जरा एक्सायटेड आहात, मिस्टर टिपणीस," साहेब सौम्यपणे म्हणाला. "उन्हाचे दिवस आहेत. खाली बसा. साक्ष लिहून झाली आहे, ती बदलणार नाही. तुमच्याबद्दल काय करायचं ते नंतर पाहू."

एक्सायटेड. जत्रेला निघालेली पोरं एक्सायटेड असतात. टिपणीस खाली बसले. आपला राग कुणीतरी असा अलगद उचलून भलत्याच पायरीवर ठेवला की काय होतं, ते त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. होतं एवढंच की माणूस तिथे नसतोच.

साहेबाने निकाल वाचला. प्रक्षोभ सिद्ध झालेला नाही. आरोपी स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे केवळ त्रासलेली होती. दोन वर्षं सक्तमजुरी.

निकाल आरोपीला तिच्या भाषेत सांगणं हेही दुभाष्याचंच काम. टिपणीस उठून पिंजऱ्यापाशी गेले.

"दोन वर्षं तुरुंग, ठमाबाई. सक्तमजुरी."

"मारलं त्याची सजा व्हनार, त्ये मना ठावं व्हतं. पन दोन वरसं कशापायी?"

तिला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कलमं होती, उन्हाळा होता, साहेबाचा स्वभाव होता. टिपणिसांनी यातलं काहीच सांगितलं नाही.

"तुला पुरेसा राग आला नव्हता म्हणून," ते म्हणाले. "मी साहेबाला तसं सांगितलं म्हणून."

ठमाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मिठाने चिरलेल्या हातांनी तिने पिंजऱ्याचा कठडा इतका घट्ट धरला की मागचा शिपाई दोन पावलं पुढे सरकला. पण ती ओरडली नाही.

"मंग आता आलाय म्हनावं," ती म्हणाली. "आता लिव म्हनावं."

टिपणीस वळले आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाले, "शी इज फ्युरियस, युवर ऑनर."

साहेबाची खुर्ची रिकामी होती. पट्टेवाला दौतीला झाकण लावत होता.