पाव फेरा

तिने चाकांना लावलेले दोन दगड पायाने बाजूला सारले, ट्रेलरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि होडीसकट तो सगळा डोलारा हातभर पुढे ढकलला. चाक पाव फेरा फिरलं. मग तिने गळ्यातली मोजपट्टी मागे टाकली, वाकून टायरच्या वरच्या बाजूला शिलाईच्या निळ्या खडूने एक रेघ ओढली आणि दगड परत जागच्या जागी लावले.

आत खिडकीशी, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून तो हे बघत होता. तिसऱ्यांदा बघत होता. पाच आठवड्यांपूर्वी प्रेसच्या जिन्यावरून घसरून त्याचं हाड मोडलं होतं. त्याआधी रोज सकाळी नऊला तो घराबाहेर पडायचा, त्यामुळे लग्नाला चार वर्षं होऊनही आपल्या अंगणात दर पंधरवड्याला हा सोहळा चालतो, याचा त्याला पत्ताच नव्हता.

होडी तिच्या पहिल्या नवऱ्याची. तो माणूस जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत होडीच्या बुडाला पाणी लागलं नव्हतं. तरी टायरांना ऊन लागू नये म्हणून तिने जुन्या पडद्यांची झाकणं शिवली होती, नाड्या लावून. हवा मोजायचं यंत्र फ्लॅनेलच्या पिशवीत असायचं. मनातल्या मनात तो त्या माणसाला 'होडीवाला' म्हणायचा. नाव घेतलं असतं तर तो आणखी घरात शिरला असता.

बाईला सवत असते. पुरुषाच्या सवतीला भाषेत शब्द नाही, हे मुद्रितशोधक म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाला बरोबर ठाऊक होतं. शब्द नसला म्हणून काय झालं, वस्तू होती. आणि ती त्याच्या खिडकीसमोर दोन चाकांवर उभी होती.

खरा जाळ पुढेच होता. रेघ ओढून झाली की ती होडीला वळसा घालून पलीकडे जायची. खिडकीतून पलीकडचं काही दिसत नसे. फक्त मधेच तिचं डोकं वर यायचं आणि पुन्हा बुडायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आज तर त्याने घड्याळ लावून पाहिलं, अकरा मिनिटं. चाकं तर अलीकडूनच ढकलून झाली होती. मग पलीकडे काय? होडीवर हात ठेवून उभी राहत असेल? बोलत असेल? मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे त्याला माहीत होतं, पण म्हणून भांडावंसं वाटायचं थोडंच थांबतं!

ती आत आली. हाताला काळं लागलं होतं.

"दमलीस?" त्याने विचारलं.

"छे. उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबून चपटे होतात, म्हणून पंधरा दिवसांनी पाव फेरा द्यायचा. तो म्हणायचा, चालत्या टायरपेक्षा उभा टायर लवकर मरतो."

तो म्हणायचा. होडीवाला कॉलेजपासूनचा, म्हणून 'तो'. आणि हा चाळिशीनंतर ठरवून आलेला, म्हणून 'अहो'. 'अहो'मध्ये मान होता, तक्रार करायला जागा नव्हती, आणि त्यामुळेच ते जास्त बोचायचं. पलीकडे काय करत होतीस, हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता. पण उत्तर खरंच मिळालं तर ऐकायची छाती नव्हती. त्याने समोरचं वर्तमानपत्र उचललं आणि त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका शोधत बसला.

दोनच दिवसांनी तिच्या दिराचा, होडीवाल्याच्या धाकट्या भावाचा, फोन आला. तो तीनशे किलोमीटरवर समुद्राकाठी राहायचा. त्याची मुलगी होडी चालवायला शिकत होती. नुसती उभीच आहे तर वहिनींनी देऊन टाकावी, असं त्याचं म्हणणं. ती एक रात्र गप्प राहिली आणि सकाळी हो म्हणाली.

त्याला इतका आनंद झाला की तो लपवण्यासाठी त्याला खोकावं लागलं.

"पण या टायरांवर नाही जाऊ द्यायची," ती म्हणाली. "नवे घालू."

"यांना काय झालंय? नक्षी तर कोरी करकरीत आहे."

"नक्षीवर काय जाताय? ट्रेलरचे टायर झिजून नाही मरत, म्हातारे होऊन मरतात." तिने कागदाचा एक चिटोरा पुढे केला. "कडेला चार आकडे असतात, ते उतरवून आणलेत. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष."

त्याने हिशेब केला. होडीवाला गेला त्याच्या तीन महिने आधी कारखान्यातून बाहेर पडलेले टायर. म्हणजे त्यानेच आणलेले, त्यानेच बसवलेले. नऊ वर्षं ती त्यांनाच पाव पाव फेरा देत होती.

"नवे तुम्हीच बघा," ती म्हणाली. "नाहीतरी घरात बसून वैतागलायत. तुमचं सगळं आयुष्य बारीक अक्षरं वाचण्यात गेलं, तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही."

कामाला नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. त्याने टायरवाल्याला फोन लावला.

"ट्रेलरचे वेगळे येतात साहेब," टायरवाला म्हणाला. "मागवावे लागतील. तीन आठवडे धरा."

तीन आठवडे. म्हणजे आणखी एक-दोनदा ती पलीकडे जाणार.

"त्याच मापाचे दुसरे काही?"

"गाडीचे आहेत ना, उद्या बसवून देतो. पण मी सांगणार नाही. गाडीच्या टायरची कड मऊ असते. वर होडी, खाली हायवे, मागून डुलायला लागतं सगळं. तापून फुटला तर ओढणारी गाडीही घेऊन जाईल. इथल्या इथे तळ्यावर न्यायची असेल तर गोष्ट वेगळी."

"माप तेच आहे ना?"

"माप तेच."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. झाकणं घातलेली दोन्ही चाकं अंगणात शहाण्यासारखी उभी होती.

"मग तेच बसवा," तो म्हणाला.

त्याने फोन खाली ठेवला. चूक नजरेतून सुटणं वेगळं. तसं त्याच्या हातून आयुष्यात चार-दोनदाच झालं होतं, आणि त्या चुका त्याला पानांच्या क्रमांकांसकट पाठ होत्या. दिसलेली चूक मात्र त्याने कधी छापायला सोडली नव्हती. भाऊजी हळूच चालवतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. तीनशे किलोमीटर ते काय.

आठवड्याभरात सगळं उरकलं. टायरवाल्याची माणसं येऊन नवे टायर बसवून गेली. गुरुवारी पायाचं प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा बारीक आणि पांढरा झाला होता. शनिवारी सकाळी दहाला दीर येणार होता.

"बघून घेतेस का एकदा टायर?" गुरुवारी संध्याकाळी त्याने विचारलं. का विचारलं ते त्यालाच कळलं नाही.

"तुम्ही बघितलेत ना? मग मी कशाला बघू?"

त्याने वर्तमानपत्र पुढे ओढलं.

शुक्रवारी ती फ्लॅनेलची पिशवी आणि पायपंप घेऊन अंगणात गेली. तो खिडकीतच होता. चाकाशी बसून तिने यंत्र लावलं, मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि टायरची कड फडक्याने पुसून बराच वेळ काहीतरी वाचत राहिली. दुसऱ्या चाकाशीही तसंच. हवेचा आकडा कडेवर छापलेला असतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ट्रेलरच्या टायरला पन्नास पौंड हवा लागते, गाडीच्याला बरीच कमी, हे त्यालाही आता माहीत होतं. तिला तर पाठच असणार.

ती आत आली, हात धुतले.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

एवढंच. चहा झाल्यावर मागच्या खोलीतून तिचा फोनवरचा आवाज येत राहिला. शब्द कळत नव्हते. मधे एकदा 'भाऊजी' ऐकू आलं. रस्ता सांगत असेल, असं त्याने धरलं. म्हणजे तिच्या लक्षात आलं नाही. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

शनिवारी ती पहाटेच शिलाईच्या मशिनवर बसली होती. साडेआठला काठी टेकत तो सात आठवड्यांनी पहिल्यांदा एकटा अंगणात उतरला. होडी जाण्याआधी एकदा पलीकडची बाजू बघायचीच, असं त्याने ठरवलं होतं. तिथे होडीवाल्याचं नाव कोरलेलं असेल किंवा एखादा फोटो चिकटवलेला असेल. जे असेल ते बघून घ्यायचं आणि विषय संपवायचा. ट्रेलरच्या दांड्याला धरून, लंगडत, तो वळसा घालून पलीकडे गेला.

पलीकडे काही नव्हतं. होडीची रंग उडालेली बाजू, भिंत, आणि दोन्हींच्या मधे पडद्याच्या कापडाने झाकलेलं काहीतरी.

त्याने नाडी सोडली. त्याची स्कूटर होती.

तो पडला त्या दिवशी प्रेसमधल्या कुणीतरी ती घरी आणून लावली होती. त्यानंतर तिची त्याला आठवणही झाली नव्हती. सात आठवडे उभी, म्हणजे टायर बसलेच असणार, म्हणून त्याने वाकून पुढचा टायर अंगठ्याने दाबला. टायर टणक होता. आणि वरच्या बाजूला निळी रेघ होती.

पाव फेऱ्यावर दुसरी रेघ, जरा पुसट. त्याच्या खाली, जमिनीजवळ, तिसरी. ती तर बारीक अक्षरं वाचणाऱ्या माणसालाच दिसावी इतकी फिकी. मागच्या चाकावरही तीनच. तीन रेघा, तीन पंधरवडे. तो खिडकीत बसून अकरा मिनिटं मोजत होता, तेव्हा ती इथे, त्याच्या स्कूटरच्या चाकांशी बसलेली होती.

तो सीटवर टेकला. रीत त्या होडीवाल्याचीच, ही बोच अजून होती. माया करायची तीसुद्धा त्याने शिकवलेली! पण या रेघा त्याच्या नव्हत्या, आणि त्या होडीवर ओढलेल्या नव्हत्या. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. नऊला पाच कमी. एक माणूस, होडीवाल्याचा भाऊ, मुलीसाठी होडी न्यायला पहाटेच निघाला असेल.

"अगं!" त्याने हाक मारली. आवाज फाटला. "बाहेर ये जरा."

गळ्यात मोजपट्टी घेऊन ती आली. उघडी स्कूटर बघितली, मग त्याचा चेहरा बघितला.

"टायर चुकीचे आहेत," तो म्हणाला. "गाडीचे आहेत, ट्रेलरचे नाहीत. टायरवाल्याने सांगितलं होतं, हायवेला चालणार नाहीत म्हणून. मला माहीत होतं. माहीत असून बसवले. ही ब्याद लवकर जावी म्हणून."

ब्याद हा शब्द बोलून झाल्यावर त्याला ऐकू आला.

"काल वाचलं मी," ती म्हणाली. "हवा भरताना."

"मग बोलली का नाहीस?"

"चूक तुम्हाला दिसलेली होती. वाटलं, तुम्हीच दुरुस्त कराल."

"आणि भाऊजी निघाले असतील त्याचं काय?"

"कुठे निघतायत! काल दुपारीच फोन केला त्यांना. म्हटलं, टायर यायला तीन आठवडे लागतील, तेव्हा या. टायरवाल्यालाही सांगितलंय, ट्रेलरचेच मागव म्हणून."

"माझं काही सांगितलंस?"

"तुमचं काय सांगायचं? पाय बरा झाला म्हणून सांगितलं."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "आणि मी आज बोललोच नसतो तर?"

"तर तीन आठवडे शिळा चहा प्यायला असतात," ती म्हणाली, पण हसली नाही. चष्म्याच्या आड तिचे डोळे लाल होते. मशिनवर पहाटेपासून बसली होती, म्हणून असतील.

"हे त्याने शिकवलेलं ना?" त्याने रेघेवर बोट ठेवलं.

"हो, त्याने." मोजपट्टी सारखी करत ती म्हणाली, "खडू माझा."

तिने ओच्यातून खडू काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"आज पंधरवडा झाला. स्कूटरचं राहिलंय. आता प्लास्टर निघालंय, तुमचं तुम्ही फिरवा."

त्याने खडू घेतला. स्कूटरकडे बघितलं, मग काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि लंगडत ट्रेलरच्या दांड्याशी आला. टायर चुकीचे असले तरी तीन आठवडे होडीला त्यांच्यावरच उभं राहायचं होतं.

"आधी हिचं करू," तो म्हणाला.

ती क्षणभर जागची हलली नाही. मग येऊन तिने चाकांचे दगड काढले आणि दांड्याची दुसरी बाजू धरली. दोघांनी जोर लावला. त्याचा जोर जरा जास्तच लागला.

"पाव," ती म्हणाली. "अर्धा नाही."