फ्यूजच्या जागी तार

सरुबाईंना गाडी आवडली होती. आवडला नव्हता तो मागच्या सीटच्या पाठीमागे बसवलेला वूफरचा डबा.

"मेल्या जिवन्या, हे वाजलं का माह्या छातीत कोणी कांडून राहिलं असं वाटते," त्या म्हणाल्या. जीवन हसत सुटला.

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात जीवनचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. एक शटर, एक टेबल, भिंतीला लटकवलेली वायरची वेटोळी, आणि तो एकटा. निंबोल्याचा निरंजन त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जीवनचे वडील कागद कारखान्यात पाळ्या करायचे आणि आई तो सातवीत असतानाच गेलेली. म्हणून त्याला निंबोल्याला मामाकडे ठेवलं होतं. पण तो मामाकडे कमी आणि निरंजनच्या घरी जास्त असायचा. निरंजनसारखाच तोही त्याच्या आईला, सरुबाईंना, माय म्हणायचा. नवरा गेल्यावर केळीच्या बागा त्यांनी एकटीने सांभाळल्या होत्या. घड नुसता उचलून वजन सांगायच्या, आणि व्यापाऱ्याच्या काट्यात फरक निघाला तर ट्रक अडवून उभ्या राहायच्या. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून निरंजनने ही पांढरी सेकंडहँड गाडी घेतली होती.

गाडी साधी होती. निरंजनला ती नटवायची होती. जीवनने एका दिवसात सगळं बसवून दिलं. चारही दारांना सेंट्रल लॉक, पुढे दिव्यांची पट्टी, मागे अॅम्प्लिफायर आणि वूफर. मायला ऊन लागू नये म्हणून काचांना काळी फिल्मही त्यानेच शेजारच्या दुकानातून लावून घेतली. अॅम्प्लिफायरची जाड वायर बॅटरीपासून मागे न्यायची तर इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला भोक पाडावं लागतं. त्या भोकात रबराची चकती बसवायची असते, नाहीतर पत्र्याची धार वायरला कापत राहते. जीवनला हे ठाऊक होतं. त्या मापाची चकती त्या दिवशी दुकानात नव्हती. त्याने वायरला काळी टेप गुंडाळली, चार वेढे जास्त दिले आणि पुढच्या कामाला लागला. बॅटरीजवळ फ्यूज मात्र आठवणीने बसवला; दिव्यांची पट्टी आणि गाणी, दोन्ही त्याच एका फ्यूजवर.

दोन महिन्यांनी, चैत्रात, निरंजनचा फोन आला. जीवन तेव्हा एका जीपखाली उताणा पडला होता.

"अरे, फ्यूज उडून राहिला यार. दोनदा बदलला. पुढची पट्टी बंद, गाणं बंद."

"गाडी घेऊन ये."

"उद्या सकाळी मायला इच्छापूरला नेतोय. देवीची यात्रा. आल्यावर आणतो. तवर काय करू? वाटेत तिला गाणी पाहिजेत, आवाज बारीक ठेवला तर ऐकते ती."

जीवनच्या डोळ्यांत माती पडत होती. जीपवाला बाजूला उभा राहून घाई करत होता.

"मग अभी के लिए एक काम कर. फ्यूजच्या जागी तांब्याची तार लाव. दोन पदर कर. आल्यावर बघू."

"कुछ होगा तो नहीं?"

"मी सांगतोय ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ते निघाले. निरंजन गाडी चालवत होता. त्याची बायको रंजिता शेजारी बसली होती, आणि सरुबाई मागे, मांडीवर नारळ आणि खणाची पिशवी घेऊन. पायऱ्या चढणं जमणार नव्हतं. खालूनच हात जोडते, असं त्या आदल्या दिवसापासून म्हणत होत्या.

शाहपूर ओलांडल्यावर रंजिताला प्लास्टिक जळाल्याचा वास आला. पाठोपाठ डॅशबोर्डच्या खालून धूर निघाला, पांढरा, मग एकदम काळा. निरंजनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. त्याचं दार दुसऱ्या हिसक्याला उघडलं. रंजिताचं उघडलं नाही, ती त्याच्याच दाराने बाहेर आली. मागची दोन्ही दारं बंद राहिली. आतली बटणं वर येईनात. लॉकच्या मोटरी अर्ध्यात अडकल्या होत्या आणि काचा खाली जात नव्हत्या.

निरंजनने पुढून आत शिरून मायचा हात धरला. पण तिचा गुडघा वाकेना, दोन सीटच्या मधून तिला ओढता येईना, आणि डॅशबोर्डखालून जाळ वर आला. त्याच्या बाहीने पेट घेतला तेव्हा रंजितानेच त्याला मागे खेचलं. मग त्याने दगड घेऊन मागची काच फोडायला सुरुवात केली. काच तडकली, पण पडली नाही. काळ्या फिल्मने सगळे तुकडे एकत्र धरून ठेवले होते. दगड आपटला की काच गोधडीसारखी आत दबायची आणि तशीच राहायची. पलीकडच्या केळीच्या बागेतून दोन माणसं पहार घेऊन धावत आली. त्यांनी काच उचकटून काढली आणि सरुबाईंना बाहेर ओढलं. तोवर बराच वेळ गेला होता.

जीवन बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात पोहोचला तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. तोंडाला मास्क होता, हात कापसात गुंडाळलेले. त्यांनी डोळ्यांनीच त्याला जवळ बोलावलं.

"गाडीत काही बिघडलं व्हतं वाटते रे," त्या म्हणाल्या. आवाज घशातच अडकत होता. "निरंजनला बोलू नको. पोराचे हात भाजले."

जीवन मान हलवत राहिला.

दुपारी त्यांना जळगावला हलवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

दहाव्याला तापीच्या घाटावर निंबोल्याचं निम्मं गाव आलं होतं. कोणी म्हणत होतं, ऊनच एवढं की गाड्या पेटतातच. कोणी म्हणत होतं, देवीच्या वाटेवर मरण आलं, पुण्यवान बाई. जीवन सगळ्यांत मागे उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. निरंजनच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. पिंड ठेवतानाही त्याला दुसऱ्याची मदत घ्यावी लागली, आणि एकदाही त्याने जीवनकडे पाहिलं नाही. जीवनला त्यात बरंच वाटलं. असं बरं वाटल्याची लाज वाटून तो जेवण न करताच निघाला.

जळलेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणून ठेवली होती. दोन दिवसांनी जीवन तिथे गेला. ओळखीचा शिपाई म्हणाला, "देख लो भैया, अब क्या बचा है." बॉनेट उघडंच होतं. टेपची राख झाली होती, पण पत्रा तसाच होता. भोकाच्या खालच्या कडेला तांब्याचे थेंब वितळून चिकटले होते. वायर नेमकी तिथेच तुटलेली. पुढे, बॅटरीच्या जागेजवळ, फ्यूजच्या जळक्या खाचेत तारेचा एक तुकडा उरला होता.

फ्यूज दोनदा का उडाला होता, ते त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. टेप फाटून वायर पत्र्याला लागायला लागली होती. फ्यूज आपलं काम करत होता. फोनवर एवढंच विचारायचं होतं, "कधीपासून उडतोय?" एवढंच विचारलं असतं तर तो जीपखालून उठून निंबोल्याला गेला असता.

तो तिथून थेट निरंजनच्या घरी गेला. निरंजन ओट्यावर बसला होता. रंजिता त्याच्या हाताची पट्टी बदलत होती. जीवन उभ्यानेच बोलायला लागला. भोक, चकती, टेप, सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.

निरंजनने आपल्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "तार मी घातली."

"मी सांगितलं म्हणून घातलीस."

"दोन पदर कर म्हणालास. मी चार केले. परत बंद पडायला नको म्हणून." त्याचा आवाज फुटला. "पोलिसांनी विचारलं, काही बदल केला होता का गाडीत? मी नाही म्हणालो. मला वाटलं, तुला माहीत नसेल मी खरंच तार लावली ते. आणि रंजितालाही त्यातलं काही कळलं नसेल..."

रंजिताने पट्टीची गाठ मारली. ती वर न पाहता म्हणाली, "फोन मीच धरला होता ना. स्पीकरवर होता. तुमचे हात बॅटरीपाशी होते."

दोघंही तिच्याकडे पाहत राहिले.

"मला सगळं ऐकू आलं होतं. मीही गप्प बसले. घाटावर वाटत होतं, कोणीतरी एक बोलेल. मग वाटलं, बोलून माय थोडीच परत येणार आहे." तिने जुनी पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली. "जीवनभाऊ, अशी टेप गुंडाळलेल्या अजून किती गाड्या आहेत?"

जीवन बोटांवर मोजू लागला आणि थांबला.

"किती?"

"मोजल्या नाहीत वहिनी. चकती संपली की टेपच लावायचो. तीसेक असतील. जास्तही असतील."

"मग इथे काय उभे आहात?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जा ना. त्यांना बोलवा."

त्या दिवशी जीवनने आधी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब लिहून दिला. सिंधीपुऱ्यातल्या दुकानदारांनी त्याला वेड्यात काढलं. शॉर्ट सर्किट लिहून फाईल बंद होत होती, तू स्वतःच्या पायाने गेलास, असं म्हणाले. मग त्याने दुकानात बसून फोन लावायला सुरुवात केली. जुन्या मोबाईलमध्ये गिऱ्हाईकांची नावं 'बोलेरो निळी', 'व्हॅन शाळा', 'लाल कार वूफर' अशी होती. काहींनी फोन उचलला नाही. काही हसले. अमोल म्हणून एक टॅक्सीवाला म्हणाला, "सहा महिने झाले, काही झालं नाही. आता परत पैसे काढायचे का?" फुकट करतो म्हटल्यावर त्याला अजूनच संशय आला. तो आला नाही.

पण काही आले. दत्तात्रय सर नावाचे एक शिक्षक गाडी घेऊन आले. त्यांच्या गाडीचा टेपचा वेढा जीवनने उलगडला, तर आत वायरचं आवरण अर्धं कापलेलं होतं आणि तांबं दिसत होतं. त्याने सरांना वाकून बघायला लावलं. सर बराच वेळ बघत राहिले. "मी रोज दोन्ही नातींना सोडतो यातून," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले. जीवनने ती वायर मुळापासून काढून टाकली. नवीन वायर, चकती, जिथल्या तिथे फ्यूज. शेवटी काळी फिल्मही खरवडून काढली.

पावसाळा संपेपर्यंत एकोणीस गाड्या आल्या. त्यांतल्या पाच गाड्यांत पत्रा वायरला कापायला लागला होता. बाकीच्यांचा पत्ता लागत नव्हता. काही विकल्या गेल्या होत्या, कुठल्या गावात फिरत होत्या कोण जाणे. नवीन काम येणं जवळजवळ बंद झालं. वूफर बसवायला येणाऱ्या पोरांना तो आधी दारात उभं करून सगळं समजावून सांगायचा, आणि ती पोरं मुकाट्याने दुसऱ्या दुकानात जायची.

जीवनवर हलगर्जीपणाने मृत्यूला कारण झाल्याची केस उभी राहिली. पहिल्या तारखेच्या आदल्या आठवड्यात निरंजनने कोणी न विचारता आपलाही जबाब बदलला. तार आपण घातली, हे त्याने सहीनिशी लिहून दिलं. वकील त्याच्यावर चिडला, म्हणाला, तुम्ही फिर्यादी आहात की आरोपी? निरंजन म्हणाला, "जे झालं ते लिहिलं."

तारखेला तिघंही कोर्टात आले होते. दोन तास बाहेर थांबल्यावर पुढची तारीख मिळाली. रंजिता कागद घ्यायला आत गेली तेव्हा दोघं अपघातानंतर पहिल्यांदाच एकटे एकमेकांसमोर उभे राहिले. निरंजनच्या हातांवरची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती. बोटं पूर्ण मिटत नव्हती.

"दुखतं का?" जीवनने विचारलं.

"थंडीत ओढ लागते, असं डॉक्टर म्हणाले." मग जरा थांबून निरंजन म्हणाला, "दत्तात्रय सर भेटले होते मंडईत. रडत होते."

जीवनने मान खाली घातली.

"तू केलंस ते बरं केलंस. मी कोर्टातही सांगीन तसं." निरंजनने खिशातून मोटरसायकलची चावी काढली. "पण घरी नको येत जाऊ, जीवन. राग नाही. तू दारात आलास की वाटतं, आता आतून माय हाक मारील, जिवन्या आला का म्हणून. आणि घर गप्पच राहतं. मला ते झेपत नाही."

"नाही येणार," जीवन म्हणाला.

रंजिता कागद घेऊन बाहेर आली. तिने जीवनला नमस्कार केला आणि मोटरसायकलवर निरंजनच्या मागे बसली. क्लच आवळायला निरंजनला दोनदा प्रयत्न करावा लागला. जीवनचा हात मदतीला पुढे झाला, आणि तसाच थांबला. गाडी गर्दीत मिसळेपर्यंत तो फाटकाशी उभा राहिला. मग दुकान उघडायला निघाला. दुपारी रावेरहून एक व्हॅन येणार होती, विसावी.