बंद म्हणजे काय बंद

पुलाच्या चढावर गाडी अडली तेव्हा तिच्यात माणसं तीन, रबरी व्यायामपट्टे सात, मेणाचा शेक द्यायचं भांडं एक आणि त्या भांड्याचा थर्मामीटर एक होता. मागे वाहनं नऊ. त्यांतली हॉर्न वाजवणारी आठ. नववा ट्रक होता. तो गप्प होता, पण आमच्या डिकीपासून जेमतेम दोन हात लांब होता.

गिअरचा लिव्हर 'डी'वर, म्हणजे ड्राइव्हवर होता. आत्याने रेस दिली, आरपीएमचा काटा तीन हजारांवर गेला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे घरंगळली. आत्याने ब्रेक दाबला. मग पुन्हा रेस. मी मनात सेकंद मोजत होते. चार झाले, एक धक्का बसला आणि गाडी कशीबशी चढ चढली.

"बास," मागच्या सीटवरून दादा म्हणाला. दादा म्हणजे आत्याचा मुलगा. "आई, तूच शब्द दिला होतास. गिअरबॉक्स गेला की किल्ली माझ्याकडे."

"गेला की, असं म्हटलं होतं. आजारी पडला की, असं नव्हतं."

"मागे ट्रक होता, आई."

आत्याने आरशात मागे बघितलं.

आत्या एकाहत्तर वर्षांची आहे आणि फिजिओथेरपिस्ट आहे. तिचे चार पेशंट घराबाहेर पडू शकत नाहीत, म्हणून ती त्यांच्याकडे जाते. लोकांचे गुडघे वाकवत फिरते, पण अपघातानंतर तिचा स्वतःचा डावा गुडघा वाकत नाही. क्लच दाबता येत नाही, म्हणून ही बावीस वर्षांची ऑटोमॅटिक. चामडी सीटा, डॅशबोर्डवर खऱ्या लाकडाची पट्टी, आणि इंजिन इतकं मऊ की चालू आहे की बंद, ते काट्याकडे बघूनच कळतं. ही गेली तर दुसरी घेणार नाही, गाडी चालवणंच सोडीन, असंही तिनेच कबूल करून ठेवलं होतं. आणि आत्या दिलेला शब्द फिरवत नाही.

शोरूमच्या माणसाने एक चक्कर मारून निकाल दिला: गिअरबॉक्स अख्खा बदलावा लागेल, तो आता मिळत नाही, गाडी भंगारात काढा. दादाने गुरुवारी दुपारी भंगारवाल्याला बोलावलं.

"त्यांनी तेल तपासलं?" मी विचारलं.

"त्यांना अनुभव असतो गं."

"म्हणजे नाही तपासलं."

"तू फिजिक्स केलंयस, गॅरेज नाही."

"गिअरबॉक्सला फिजिक्स लागू आहे, दादा. मला फक्त बुधवार दे."

सहा आठवड्यांपूर्वी त्या गिअरबॉक्सचं तेल बदललं होतं आणि तक्रार त्यानंतर आठवड्याभरात सुरू झाली होती. आत्याच्या पेशंटच्या डायरीत तशी नोंदच होती: 'आज पोचायला उशीर, गाडीने नखरे केले.' म्हणून बुधवारी सकाळी आम्ही त्याच गॅरेजात गेलो, सपाट रस्त्याने, हळूहळू. तिथे दोघं काम करतात, मिस्त्री आणि मिस्त्रीचा साडू.

मिस्त्रीने गिअरबॉक्समधलं थोडं तेल काढून दिलं. मी त्याचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. तांबडा, स्वच्छ. जळका वास नाही.

"आतल्या क्लच-प्लेटा जळल्या असत्या तर काळा पडला असता," मी म्हटलं.

"मग डॉक्टरबाई, तुमच्या गाडीचं पोट चांगलं आहे," मिस्त्री आत्याला म्हणाला. "उपाशी असेल फार तर. पण उपाशी कशी? मी स्वतः भरलंय. उलट जास्त झालं होतं, दीड लिटर परत बाहेर आलं."

"दीड लिटर?" मी विचारलं. "मिस्त्री, त्या दिवशी जसं केलं होतं तसंच्या तसं परत करून दाखवाल? जो जिथे होता, तिथेच."

या गिअरबॉक्सला तेल बघायची पट्टी नसते. इंजिन चालू ठेवायचं, तेल चाळीस अंशांवर आणायचं, खालचा नट उघडायचा आणि पंपाने तेल भरत राहायचं. नटातून थेंब थेंब गळायला लागलं की पातळी बरोबर.

गाडी खड्ड्यावर उभी केली. मिस्त्री खड्ड्यात उतरला, साडू पंपापाशी, आत्या स्टिअरिंगवर. शेजारी हवा भरायचा कॉम्प्रेसर धडधडत होता. मेणाच्या भांड्याचा थर्मामीटर मी मिस्त्रीकडून गिअरबॉक्सच्या तळाला चिकटवून घेतला आणि आत्याच्या खिडकीशी उभी राहिले.

"चाळीस!" खालून आवाज आला. साडू पंप मारू लागला. दोन मिनिटांनी मिस्त्री ओरडला, "बंद!"

साडूचा हात थांबला. त्याच क्षणी आत्याने किल्ली फिरवली. आरपीएमचा काटा शून्यावर आला. खड्ड्यातून तेलाची जाड धार पडल्याचा आवाज आला.

"बघा, परत जास्त झालं!" मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, वर या," मी म्हटलं. "गाडी बंद आहे."

मिस्त्री वर आला, काट्याकडे बघितलं, मग आत्याकडे. "बंद कशाला केलीत?"

"तुम्हीच ओरडलात, बंद!"

"पंप बंद! साडूला म्हणालो मी!"

"मग साडू म्हणायला काय झालं होतं? माझ्या पेशंटना मी 'थांबा' म्हटलं की थांबतात. विचारत बसत नाहीत, कोण थांबा."

"मी तर थांबलोच होतो," साडू म्हणाला. "मला कशात ओढू नका."

इंजिन फिरत असताना गिअरबॉक्सच्या आतल्या पंपाने वर चढवलेलं तेल इंजिन बंद होताच खाली उतरतं. तळात ते जास्त दिसतं आणि उघड्या नटातून वाहून जातं. कॉम्प्रेसरच्या आवाजात आणि या इंजिनाच्या शांतपणात मिस्त्रीला ते कळायला मार्गच नव्हता. त्या दिवशीही त्याने तसाच नट लावला होता आणि गाडी दीड लिटर तेल कमी असताना उपाशीच रस्त्यावर गेली होती.

मिस्त्रीने हात पुसले. मग म्हणाला, "चूक माझी. एकच शब्द दोघांना ऐकू जाणार, हे मला सुचायला हवं होतं. आता पंपासाठी 'पुरे'. 'बंद' हा शब्द आज कुणी काढायचा नाही."

आत्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. इंजिन चालू. तेल पुन्हा चाळीस अंशांवर. पहिला थेंब गळेपर्यंत डब्यातून एक लिटर सहाशे मिलिलिटर तेल आत गेलं होतं. "पुरे!" मिस्त्री ओरडला, आणि काटा सातशेवर तसाच राहिला.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं पुलावर गेलो. दादा आत्याच्या शेजारी बसला, मी मागे.

"वेळ तूच घे," आत्या त्याला म्हणाली. "नाहीतर म्हणशील, भाचीने आत्याला पास केलं."

चढाच्या मध्यावर, जिथे ट्रक मागे आला होता तिथे, आत्याने गाडी पूर्ण थांबवली. लिव्हर 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलला, मग 'डी'वर. दादाने फोनवरचं घड्याळ लावलं. हे तिने तीन वेळा केलं. दादाने आकडे मोठ्याने वाचले, मी लिहून घेतले.

'डी' टाकल्यापासून गाडी ओढ घेईपर्यंत: ०.८, ०.७, ०.८ सेकंद. मागे घरंगळणं: तिन्ही वेळा शून्य.